पृथ्वीच्या पोटात कुणी डोकावून बघितलंय?

आजचा भाग ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलच्या गर्दीत इअरफोन सापडत नाहीयेत, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, थोडी साफसफाई करून.

सुरुवात माझ्या आजीपासून. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, माणसं थकून झोपलेली. किल्लारीचा भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण आजी आजही दाराजवळच झोपते. कडी आतून लावू देत नाही.

गेल्या दिवाळीत तिने विचारलं, "लई शिकलास की रे तू. मग सांग, खाली हाय तरी काय? कुणी बगितलंय का?"

मी बीटेक, कोड लिहिणारा माणूस. शाळेत पाठ केलेलं उत्तर म्हणून टाकलं: भूकवच, प्रावरण, गाभा. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. बगितलंय का, ते सांग."

आणि खरं उत्तर आहे: नाही. कुणीच बघितलेलं नाही.

रशियातल्या कोला इथे माणसाने खोदलेलं सर्वात खोल भोक आहे. १९८९ पर्यंत ते १२,२६२ मीटर खोल गेलं. भारी वाटतं ना? पण पृथ्वीचं केंद्र ६,३७१ किलोमीटर खाली आहे. म्हणजे वाटेचे हजार भाग केले तर जेमतेम दोन भाग झाले. भूकवचसुद्धा पार झालं नाही.

मग हे थर आले कुठून? तर मंडळी, ते बघून नाही, ऐकून कळले.

बाजारात नारळ घेताना आपण काय करतो? कानाशी धरून हलवतो. फोडत नाही, तरी आत पाणी आहे की नाही ते कळतं. शास्त्रज्ञांनी पृथ्वीचं हेच केलं, फक्त हलवण्याचं काम भूकंपाने केलं.

भूकंपातून दोन मुख्य लहरी जमिनीच्या आत शिरतात. पहिली पी-लहर. रेल्वेचं इंजिन झटका देतं आणि तो डब्यामागून डब्यात पुढे जातो, तशी ही ढकलत-ओढत जाते. ती वेगवान, सगळीकडे आधी पोचते. दुसरी एस-लहर. दोरीचं टोक हातात धरून झटकलं की दोरीत वळसा पळतो, तशी ही आडवी हलत जाते. आता यातली मुख्य गोष्ट लक्षात ठेवा: एस-लहर द्रवातून जाऊ शकत नाही. दोरी ताणली की परत खेचते, म्हणून झटका पुढे जातो. पाणी आडवं सरकवलं की सरकलंच, परत खेचत नाही.

आता गंमत बघा. या कथेची सुरुवात भारतात होते. १२ जून १८९७ ला शिलाँगच्या पठारावर प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला. युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदींतून त्यांनी या वेगवेगळ्या लहरी ओळखल्या. १९०६ मध्ये त्यांनी दाखवलं, की पृथ्वीच्या मधोमध जाणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतायत. म्हणजे मध्ये काहीतरी वेगळं आहे. तो गाभा.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. दूरचा सर्व्हर आपण उघडून बघत नाही. पिंग करतो, उत्तर यायला किती वेळ लागला ते बघतो आणि अडचण कुठे आहे ते ताडतो.

१९०९ मध्ये झाग्रेबजवळ भूकंप झाला. आंद्रिया मोहोरोविचिच यांना दिसलं, की काही पी-लहरी लांबच्या वाटेने जाऊनही आधी पोचल्या. गावातल्या रस्त्यापेक्षा बायपास लांब असला तरी लवकर पोचवतो, तसं. म्हणजे खाली लहरींचा वेग अचानक वाढतो. तीच मोहो विलगता: वर भूकवच, खाली प्रावरण. खंडांखाली ही सीमा सरासरी ३५ किलोमीटरवर, महासागरांच्या तळाखाली फक्त सातेक किलोमीटरवर. पुढे बेनो गटेनबर्ग यांनी प्रावरण आणि गाभा यांची सीमा सुमारे २,९०० किलोमीटरवर काढली. तिथून खाली एस-लहरी जातच नाहीत. म्हणजे बाहेरचा गाभा द्रव!

सगळं द्रव असतं तर गोष्ट संपली असती. पण डेन्मार्कच्या इंगे लेमान यांना एक खटकलं. जिथे पी-लहरी यायला नकोत, तिथे त्या अगदी क्षीण का होईना, येत होत्या. १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि १९३६ मध्ये मांडलं, की गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. तो घन आहे हे पुढे ठरलं. त्याची सुरुवात सुमारे ५,१५० किलोमीटरवर.

आता परीक्षेतला नेहमीचा घोळ. थर तीन की पाच? दोन्ही बरोबर, कारण प्रश्न दोन आहेत.

फडक्यात बांधलेली गुळाची ढेप डोळ्यासमोर आणा. "कशाचं बनलंय?" असं विचारलं तर थर दोन: फडकं आणि गूळ. पण बोटाने दाबून "वागतं कसं?" असं विचारलं तर वरचा वाळलेला गूळ फडक्यासकट कडक, आणि आतला मऊ.

पृथ्वीचंही तसंच. कशाची बनली यावरून तीन थर: भूकवच, प्रावरण, गाभा. वागते कशी यावरून पाच: शिलावरण म्हणजे लिथोस्फिअर, त्याखालचं मऊसर अस्थेनोस्फिअर, मग खालचं घट्ट प्रावरण, द्रव बाह्यगाभा आणि घन अंतर्गाभा. शिलावरणात भूकवच तर आहेच, शिवाय प्रावरणाचा वरचा कडक भागही आहे. पुस्तकातल्या भूपट्ट म्हणजे या शिलावरणाचेच तुकडे.

आणि हो, आपण लाव्हाच्या समुद्रावर तरंगत नाही आहोत! प्रावरणातून एस-लहरी आरपार जातात, म्हणजे ते घन आहे. फक्त लाखो वर्षांच्या हिशोबात ते हळूहळू वाहतं.

याचा आपल्या फोनशी संबंध? मॅपमधला होकायंत्राचा बाण बाह्यगाभ्यातल्या वाहत्या लोखंडामुळे तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावर चालतो. आणि २०२३ पासून भारतात अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा येऊ शकतो. तोही याच लहरींच्या शर्यतीवर. भूकवचात पी-लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, एस-लहर साधारण साडेतीन. १०० किलोमीटरवर दोघींत बाराएक सेकंदांचं अंतर पडतं. धक्क्याजवळचे फोन पहिली थरथर पकडतात आणि इंटरनेट लहरींच्या पुढे धावतं.

पण भूकंप उथळ आणि अगदी पायाखाली झाला, तर ही शर्यत सुरू होण्याआधीच संपते. किल्लारीत तेच झालं. तिथे फोन नाही, घर वाचवतं. भिंत कशी बांधली, छप्पर किती जड, यावरच सगळं.

हे सगळं मी आजीला सांगितलं, नारळ आणि गुळासकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजी बगितलं न्हाई, पण ऐकलंय."

"हो आजी."

"मग पुन्हा कधी हलणार, ते ऐकू येतं का?"

नाही येत. तारीख आणि वेळ आधी सांगता येत नाही, जगात कुणालाच नाही. मी खोटं बोललो नाही. कडी उघडीच ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावून तिच्या खोलीची मागची जुनी भिंत दाखवली.

तुमच्या गावच्या घराची भिंत कशाची आहे? या सुट्टीत एकदा बघून या. भेटूया पुढच्या भागात.