पत्रा नव्हे, खिळा गळतो

मुंबईतल्या ठाकूरद्वार नाक्यापासून समुद्र एक किलोमीटरच्या आत. झावबावाडी, फणसवाडीतल्या छपराचं आयुष्य ठरवताना हे अंतर लक्षात ठेवायलाच हवं. मे महिन्यात घाईघाईने नवे पत्रे चढतात, आणि जुलैत पाणी टपकतं ते बरेचदा खिळ्याच्या भोकातून.

जुन्या चाळींच्या कौलांपासून सुरुवात करू. कौलं खिळ्यांनी ठोकलेली असतात असं अनेकांना वाटतं. पण मंगलोरी कौल (बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला त्याचा कारखाना काढला) मागच्या बाजूच्या उंचवट्याने रिपेवर अडकतं आणि स्वतःच्या वजनाने बसून राहतं. खिळा असतो तो रीप वाशाला धरून ठेवायला. तो गंजला की फुगतो, कारण गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्या ताणाने रीप चिरते, जराशी खाली सरकते आणि अख्खी ओळ हलते. आपण मात्र फुटलेली चार कौलं बदलून कारागिराचा हिशेब करून मोकळे होतो. कौलं परतताना त्याला रिपेचे खिळे हाताने हलवून बघायला सांगाच.

‘जीआय खिळा गंजत नाही’ हा समज सर्वांत महागात पडतो. त्यावरचा जस्ताचा मुलामा आधी स्वतः झिजतो आणि तोवर लोखंडाला वाचवतो. तो संपला की राखण संपली. म्हणून थर किती जाड, हे विचारायचं. विजेने मुलामा दिलेला खिळा चकचकीत दिसतो, पण थर जेमतेम 5 ते 12 मायक्रॉनचा. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला खिळा राखाडी आणि खरखरीत, थर साधारण 45 मायक्रॉन किंवा अधिक. खाऱ्या हवेत हा ओबडधोबड खिळाच घ्यावा.

स्टेनलेस म्हटलं की काळजी मिटली, असंही नाही. 304 जातीवर समुद्राकाठी तपकिरी डाग पडतात. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून ती जास्त टिकते. तांबं तर त्याहून भारी, म्हणून जस्ती पत्र्याला तांब्याचा खिळा मारला, तर ओल लागताच भोकाभोवतीचं जस्त झपाट्याने खाल्लं जातं. ब्रिटिश आरमाराने 1761 मध्ये ‘अलार्म’ जहाजाला तांब्याचे पत्रे लावले. दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे गंजून गेलेले आढळले. वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकू देऊ नयेत.

नालीदार पत्र्याच्या खोलगट भागात खिळा घट्ट बसतो हे खरं, पण पाणी वाहतं तेही तिथूनच. खिळा उंचवट्यावरच हवा, खाली वायसर हवा, आणि वायसर चेपून बाहेर येईपर्यंत खिळा ठोकायचा नाही. सिमेंटच्या पत्र्यात खिळा कधीच ठोकू नये, पत्रा तडकतो. तिथे बोल्टपेक्षा थोडं मोठं भोक पाडून हुक-बोल्ट लावतात. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. भोक पाडताना जागा ओली ठेवायची, तोंडाला चांगला मास्क लावायचा.

गंजलेला खिळा उपटून त्याच भोकात तसाच नवा मारला तर तो धरत नाही, कारण लाकूड तिथे कुजून सैल झालेलं असतं. जुनं भोक बुजवा आणि नवा खिळा चांगल्या लाकडात, थोडा बाजूला मारा.