हातभट्टीचें विष

दारूविषयीं लिहावयास घेतलें कीं वाचक पान उलटतो. नीतीचे पाठ त्यानें पुष्कळ ऐकलेले असतात. म्हणून आज नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवून आम्ही केवळ विषाचा विचार करणार आहों.

लोहा तालुक्यांतील माळेगांवीं दरसाल खंडोबाची मोठी यात्रा भरते. कष्टकरी कुटुंबें दूरदूरून येतात. अशा ठिकाणीं किंवा एरवीं गांवाबाहेरच्या ओढ्याकांठीं जो मनुष्य स्वस्त पेला तोंडास लावतो, तो काय पितो हें त्यास ठाऊक असतें काय? काळा गूळ सडवून, त्यांत नवसागर व तुरटी घालून हातभट्टीचें रसायन तयार होतें. तें ज्या भांड्यांतून गाळतात त्यांस शिशाचा डाक असेल तर शिसें दारूंत उतरतें; तें शरीरांत सांचून रक्त, मज्जातंतु व मूत्रपिंड यांची हानि करितें.

परंतु एका रात्रींत वस्ती ओस पाडणारें विष निराळेंच आहे. गुळाच्या सडव्यांतून मिथेनॉल अगदीं अल्प निघतें. माणसें मरतात तीं कारखान्यांतून चोरवाटेनें आणून ओतलेल्या मिथेनॉलनें. रूप व वास मद्यार्कासारखाच, किंमत मात्र कमी. यकृतांत त्याचें फॉर्मिक आम्ल बनतें व तें डोळ्यांच्या शिरा जाळतें. अवघ्या 10 मिलिलिटरांनीं दृष्टि जाऊं शकते. मुंबईंत 2004 साली विक्रोळीस ऐंशींहून अधिक व 2015 च्या जूनमध्यें मालवणीस शंभरांवर माणसें अशाच दारूनें गेलीं. 2024 साली तमिळनाडूंत कल्लकुरिची येथें साठांहून अधिक. मेले ते बहुतेक मजूर.

आमच्या सरहद्दीपलीकडील तेलंगणांत शिंदींत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम अशीं झोंपेचीं औषधें मिसळतात. तेथें 2015 साली भेसळीवर धाडी पडतांच शिंदी तुटलेल्या लोकांस झटके व भ्रम होऊन रुग्णालयें भरलीं. यावरून भट्टी मोडणें हें अर्धेंच काम होय, पिणाऱ्याची शुश्रूषा हें उरलेलें अर्धें, असें आम्हांस वाटतें.

कायदा नाहीं असें नाहीं. 1949 चा दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे. गांवांतील स्त्रियांस मतदानानें परवान्याचें दुकान बंद करितां येतें. पण हातभट्टीस परवानाच नाहीं. ती बंद करण्यास मत कशास हवें? मडकीं फोडून छायाचित्रें काढण्यापेक्षां मिथेनॉलचा प्रत्येक पिंप कारखान्यांतून कोठें गेला याचा हिशेब अधिकाऱ्यांनीं घ्यावा. चुलीजवळची म्हातारी धरली जाते आणि पिंप विकणारा सुटतो, हा न्याय नव्हे.

आणि वाचकहो, एवढें तरी घरोघर सांगा: दारू प्यायल्यावर बारा ते चोवीस तासांनीं, कधीं त्याहूनही उशिरां, पोटांत कळा येऊं लागल्या, दम लागला किंवा डोळ्यांपुढें धुकें दिसूं लागलें, तर ती उतरत्या नशेची डोकेदुखी समजून रोग्यास निजवूं नका. लिंबूपाण्यानें हें विष उतरत नाहीं. त्यास तत्काळ रुग्णालयीं न्या व काय प्याला तें डॉक्टरांस स्पष्ट सांगा. उतारा आहे, रक्तशुद्धीचा उपाय आहे. नसतो तो वेळ. लोकलज्जेनें व पोलिसांच्या भयानें दवडलेली एक रात्र घरचा कर्ता पुरुष घेऊन जाते, आणि उरलाच तर आंधळा करून ठेविते.