दूरची राजधानी, जवळची राजधानी आणि डून खोरे

लखनौ : राजधानी जवळ आली की विकास जवळ येतो, हे छोट्या राज्यांच्या समर्थकांचे नेहमीचे प्रतिपादन. उत्तराखंडाच्या मागणीमागेही हाच युक्तिवाद होता आणि तो निराधार नव्हता. लखनौच्या सचिवालयात पर्वतीय विकासाचा स्वतंत्र विभाग असूनही पहाडातील माणसाला साध्या कामासाठी शेकडो किलोमीटर खाली उतरावे लागे. मात्र राजधानी जवळ आल्याने निसर्गाचे रक्षणही आपोआप होते काय, या प्रश्नाला डून खोऱ्याने दिलेले उत्तर सुखावह नाही.

मसुरीच्या लालबहादूर शास्त्री प्रशासन अकादमीत प्रशिक्षण घेतलेल्या मराठी अधिकाऱ्यांना हे खोरे परिचित आहे. उत्तरेस मसुरीची डोंगररांग, दक्षिणेस शिवालिक, पूर्वेस गंगा, पश्चिमेस यमुना. आज हिरवे दिसणारे तेथील अनेक उतार 1980 च्या दशकाच्या प्रारंभी उघडेबोडके होते. 1962 च्या सुमारास उत्तर प्रदेश सरकारने वीस वर्षांच्या मुदतीचे खाणपट्टे दिले होते. येथील उच्च प्रतीचा चुनखडक पोलाद आणि साखर उद्योगांना हवा होता. परंतु हाच भेगाळ खडक पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि झऱ्यांना पुरवतो. खडक फुटला तसे झरे आटले. मलबा ओढ्यांत उतरला, पात्रे उथळ झाली आणि पुराचे पाणी शेतांत शिरू लागले. लाभ खाणमालकाचा, महसूल लखनौचा आणि नुकसान गावाचे, असा हा हिशेब होता.

तो मोडला न्यायालयाने. डेहराडूनच्या ‘रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र’ या संस्थेचे पत्र सर्वोच्च न्यायालयाने जुलै 1983 मध्ये याचिका म्हणून स्वीकारले. 12 मार्च 1985 च्या आदेशाने अनेक खाणी बंद झाल्या. 30 ऑगस्ट 1988 च्या निकालानंतर केवळ तीन उरल्या. बेरोजगार होणाऱ्या कामगारांना वनीकरणाच्या कामांत सामावून घ्यावे, असेही न्यायालयाने बजावले. दरम्यान 1986 मध्ये नाहीकला परिसरातील गावकऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, खाणीची वाट अडविली होती. उजाड उतारांवर माजी सैनिकांच्या प्रादेशिक सेनेतील पर्यावरण बटालियनने झाडे लावली. न्यायालय, गाव आणि सैनिक एकाच दिशेने चालले, तेव्हाच डोंगर पुन्हा हिरवे झाले.

कागदावरचे कवच

1 फेब्रुवारी 1989 रोजी केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली डून खोऱ्यासाठी अधिसूचना काढली. त्याच वर्षी 6 जानेवारीस रायगडातील मुरुड-जंजिरा परिसरालाही असेच संरक्षण मिळाले होते. डूनमध्ये उद्योगांवर निर्बंध आले आणि खाणींना केंद्राची परवानगी आवश्यक ठरली. पर्यटन, चराई आणि जमीन-वापर यांच्या योजना मात्र राज्याने करायच्या होत्या. ‘काय करू नये’ हे दिल्लीने सांगितले; ‘काय करावे’ हे लखनौवर सोपविले. खोऱ्याचे भवितव्य वस्तुतः या दुसऱ्या भागावर अवलंबून होते आणि तोच दुबळा राहिला.

9 नोव्हेंबर 2000 रोजी नवे राज्य झाले आणि डेहराडून अंतरिम राजधानी ठरले. मंत्रालये, निवासस्थाने, शिक्षणसंस्था, गृहसंकुले सारे खोऱ्यातच आले. 2003 च्या केंद्रीय औद्योगिक सवलतींनंतर खोऱ्यातील सेलाकुई येथेही कारखाने उभे राहिले. जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मधील सुमारे 12 लाख 82 हजारांवरून 2011 मध्ये सुमारे 16 लाख 97 हजारांवर गेली. बासमतीची शेते आणि लिचीच्या बागा भूखंड झाल्या. रिस्पना आणि बिंदाल नद्यांच्या पात्रांत वस्त्या शिरल्या. खाणमालक ओळखता येत होता, त्याच्याविरुद्ध याचिका करता येत होती. येथे भूखंड विकणारा शेतकरी, घर बांधणारा निवृत्त अधिकारी आणि पोटासाठी पहाडातून उतरलेला स्थलांतरित हे सारेच भागीदार आहेत, आणि सारेच मतदारही.

म्हणूनच मे 2025 मध्ये केंद्राने 1989 ची अधिसूचना मागे घेण्याचे पाऊल उचलले, तेव्हा विरोध झाला तो मुख्यतः जागरूक नागरिक आणि पर्यावरणवाद्यांचा. वाद पुन्हा न्यायालयात गेला. त्याच वर्षी सप्टेंबरच्या मध्यास अतिवृष्टीने सहस्रधारा परिसराला आणि टपकेश्वर मंदिराला पुराने वेढले. पाऊस निसर्गाचा, पाण्याची वाट अडविणारे बांधकाम माणसाचे.

सह्याद्रीलाही इशारा

महाबळेश्वर-पाचगणीला 2001 मध्ये, माथेरानला 2003 मध्ये असेच संरक्षण मिळाले. पश्चिम घाटाबाबत 2014 पासून मसुद्यामागून मसुदे निघाले. जुलै 2024 चा मसुदा सहावा होता. डहाणूसाठी न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्याने दीर्घकाळ प्रकल्पांना प्रश्न विचारले. केवळ अधिसूचनेने भागत नाही, तिच्यामागे कायम जागी असणारी यंत्रणा लागते, हा डहाणूचा अनुभव.

डूनचा धडा त्याहून एक पाऊल पुढचा आहे. लखनौ दूर होते म्हणून खोरे खणले गेले. डेहराडून जवळ आले म्हणून ते बांधून काढले गेले. राजधानीच्या अंतराने प्रश्न सुटत नाही. झरा, शेत आणि नदीपात्र राखण्यात ज्याचे पोट आहे, त्या गावाला जमीन-वापराच्या आराखड्यात निर्णायक अधिकार मिळत नाही, तोवर संरक्षित खोरे आणि उपनगर यांत फरक उरेल तो फक्त राजपत्रातील एका पानाचा.