शितावरून भात कळतो, कोड नाही!

गाडीचे ब्रेक, एअरबॅग, लिफ्ट, पेसमेकर… सगळ्यांच्या पोटात एम्बेडेड सॉफ्टवेअर. ते चुकणारच नाही, हे गणिताने सिद्ध करायचं म्हणजे फॉर्मल व्हेरिफिकेशन. आणि या खटाटोपात पुणं चक्क आघाडीवर!

पेशवाईपासून चाचणी
दोन 32-बिट आकडे घेणारं साधं फंक्शन घ्या. सेकंदाला 100 कोटी चाचण्या केल्या, तरी सगळ्या जोड्या तपासायला सुमारे 584 वर्षं! शनिवारवाड्याचा पाया 1730 साली घातला. त्याच मुहूर्तावर चाचणी सुरू केली असती, तर आत्ता कुठे निम्मं काम उरकलं असतं.

जुना सुटा भाग, नवं रॉकेट
एरियान-4 या रॉकेटमध्ये बिनतक्रार चाललेला कोड एरियान-5 मध्ये तसाच बसवला. नवं रॉकेट जास्त वेगवान. त्यामुळे वेगाशी निगडित 64-बिट आकडा 16 बिटांत मावेना. 4 जून 1996 ला पहिल्याच उड्डाणात, चाळीस सेकंदांच्या आत खेळ खलास! म्हणून भाग नुसता निर्दोष असून भागत नाही. तो कोणत्या अटींवर निर्दोष आहे आणि त्या अटी नव्या जागी पाळल्या जातात का, हेही सिद्ध करावं लागतं.

पाणीही गाळतात, कोडही
पुण्यात 1981 साली ‘टीआरडीडीसी’ ही टाटांची संशोधन संस्था सुरू झाली. भाताच्या तुसाची राख वापरणाऱ्या ‘टाटा स्वच्छ’ फिल्टरचं मूळ तिथलंच. एम्बेडेड कोडमधल्या चुका गाळणारी साधनंही तिथेच घडली.

पुणेरी पैलवान
टाटांच्याच टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधकांचं ‘व्हेरिअ‍ॅब्स’ हे साधन कोड तपासणाऱ्या साधनांच्या ‘एसव्ही-कॉम्प’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ‘रीचसेफ्टी’ (कोड नको त्या स्थितीत पोहोचतो का?) या गटात 2020 आणि 2021 ला पहिलं आलं. त्याचा एक डाव असा: लाखो वेळा फिरणाऱ्या लूपचा फेरा न् फेरा तपासायचा नाही. त्याचं सोपं पण जास्त सैल, म्हणजे मूळ लूपच्या सगळ्या शक्यता पोटात घेणारं रूप करायचं. सैल रूपातही चूक होऊ शकत नाही हे सिद्ध झालं, तर मूळ कोड सुटला!

‘माहीत नाही’ला शून्य
या स्पर्धेत निर्दोष कोडला बरोबर ‘निर्दोष’ म्हटलं की 2 गुण. सदोष कोडला ‘निर्दोष’ म्हटलं, तर थेट उणे 32! ‘माहीत नाही’ म्हटलं तर शून्य, म्हणजे नुकसान नाही. प्रत्येक प्रोग्रॅमचा निकाल लावणारं यंत्र बनूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगच्या 1936 च्या सिद्धतेतूनच निघतं. त्यामुळे पुण्यात जन्मूनही ‘माहीत नाही’ म्हणायला न लाजणारं एक तरी कुणी निघालं!