घरी असूनही कामावर

रुग्णालयाचे दार रात्री मिटत नाही, हे आपण सारे जाणतो. परंतु ते उघडे ठेवणाऱ्यांच्या घरातही त्यामुळे स्वस्थता राहत नाही, याचा विचार क्वचितच होतो. आज मुख्य परिचारिकेच्या, म्हणजे जिला आपण इनचार्ज सिस्टर म्हणतो तिच्या, अवेळी येणाऱ्या बोलावण्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

तलमडुगुसारख्या गावी राहून आदिलाबादच्या एखाद्या रुग्णालयात नोकरी करणारी सिस्टर डोळ्यांसमोर आणा. कक्षातील परिचारिकेची पाळी संपते. दुसरी येते, चार्ज घेते आणि पहिली मोकळी होते. इनचार्ज सिस्टरही सायंकाळी घरी परतते. पण तिचा चार्ज घेणारे कोणी नसते. पगार महिन्याचा, ठरलेला. फोन वाजेल तेव्हा उत्तर देणे त्यातच धरलेले. भाकरी तव्यावर असते, मुलाचा अभ्यास अर्धा झालेला असतो, आणि बोलावणे येते. कित्येकदा ते येतही नाही. पण येईल या धास्तीने झोप लागत नाही. शरीर घरी आणि चित्त कक्षात, या अवस्थेला विश्रांती म्हणता येईल काय?

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1977 साली परिचारिकांसाठी करार क्रमांक 149 आणि शिफारस क्रमांक 157 संमत केली. घरी असतानाही बोलावण्यासाठी तयार राहण्याचा काळ हा एक वेगळा, मोजण्याजोगा काळ आहे, हे त्या शिफारशीने मान्य केले. दोन पाळ्यांमध्ये सलग 12 तासांची विश्रांती असावी, आठवड्याची सुटी सलग 36 तासांहून कधीही कमी नसावी, असेही तीत सांगितले आहे. भारताने या कराराला अनुमोदन दिलेले नाही. तेव्हा आपल्याकडे तो कायदा नव्हे. परंतु मापदंड म्हणून तो अवश्य उपयोगी आहे.

आता बोलावणी तपासून पाहू. ती सामान्यतः तीन प्रकारची असतात. अपघातातील अनेक जखमी एकदम आले आणि मनुष्यबळाची फेरमांडणी करावी लागली, हा पहिला प्रकार. रात्रपाळीची परिचारिका आली नाही, हा दुसरा. कपाटाची किल्ली कोठे आहे, नोंदवही कोणती, हा तिसरा. यांपैकी पहिलाच खरा तातडीचा. दुसरा राखीव नावाअभावी उद्भवतो आणि तिसरा लेखी सूचनांअभावी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 च्या आपल्या परिचर्येवरील पुस्तकात व्यवस्थेवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. आपण हजर असताना जे होते ते आपल्या गैरहजेरीतही कसे होईल, हे पाहणे म्हणजेच व्यवस्था, असा त्याचा आशय आहे. या कसोटीने पाहता, जिच्यावाचून रात्रभर पान हलत नाही त्या सिस्टरचे कौतुक करण्यापूर्वी व्यवस्थेतील उणीव शोधली पाहिजे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. बोलावण्याची जबाबदारी दोघी-तिघींनी पाळीपाळीने घ्यावी आणि तो तक्ता महिन्याआधी लावावा. प्रत्येक रात्री एक राखीव नाव असावे. किल्ल्या व औषधसाठा यांचा चार्ज लेखी द्यावा. रात्री ज्या सिस्टरला यावे लागले, तिने दुसऱ्या दिवशी उशिरा यावे, आणि ती सवलत मेहेरबानी म्हणून नव्हे, नियम म्हणून मिळावी. प्रत्येक बोलावण्याची वेळ व कारण वहीत लिहावे. कारण जे लिहिले जात नाही ते वरिष्ठांच्या दृष्टीने घडलेलेच नसते.

जेथे परिचारिकांची पदेच रिकामी आहेत, तेथे तक्त्याने सारे साधणार नाही, हे खरे. तेथे माणसेच नेमावी लागतील. परंतु सेवाधर्माचे नाव पुढे करून ती उणीव एकीच्या झोपेतून भरून काढणे रुग्णाच्याही हिताचे नाही. औषधाची मात्रा तपासणारी नजर ताजी असावी लागते. सिस्टरची विश्रांती ही म्हणूनच तिच्या घरापुरती गोष्ट नाही. ती खाटेवरील रुग्णाच्या सुरक्षिततेचाच एक भाग आहे.