कोयता, लोहार आणि संग्राहक

छंद म्हटला म्हणजे टपालाची तिकिटे, नाणी, शंखशिंपले एवढेच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे येते. सुऱ्या-चाकूंचा संग्रह करणारी माणसेही जगात पुष्कळ आहेत, असे सांगितले तर घरच्या वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावतील. परंतु हा छंद हाणामारीच्या हौसेचा नव्हे. त्यात धातुविद्या आहे, हस्तकौशल्य आहे आणि थोडाफार व्यापारही आहे. आमच्या पेडणे-डिचोलीशी त्याचा संबंध कोठे येतो, तेही पुढे दिसेलच.

अमेरिकेत चाकू दोन तऱ्हांनी होतात. एक कारखान्यात, यंत्रावर, हजारोंच्या संख्येने. दुसरा एकट्या कारागिराच्या हातून, गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम. नामांकित कारागिराच्या चाकूसाठी दीर्घकाळ थांबावे लागते आणि त्याची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असते. यावर तोड निघाली ती अशी, की कारागिराने आराखडा द्यावा, कारखान्याने त्याबरहुकूम माल काढावा आणि कारागिराला त्याचा मोबदला मिळावा. कोलोरॅडो राज्यातील स्पायडर्को या कारखान्याने १९९० च्या सुमारास रॉबर्ट तेर्झुओला नावाच्या कारागिराचा घडीचा चाकू असा बाजारात आणला. पाते उघडताच मुठीतील धातूची एक लवचीक पट्टी आपोआप त्याच्या बुडाशी सरकते आणि पाते मिटू देत नाही, अशी त्याची रचना आहे. अशा चाकूंपैकी काही ठरावीक संख्येनेच काढतात आणि कित्येकदा प्रत्येक नगावर क्रमांक घालतात. पुस्तकाची आवृत्ती संपते तशी ही आवृत्ती संपली, की संग्राहकांमध्ये तिची किंमत चढू लागते. मूळची पेटी जपलेली आणि धार कधी न वापरलेली असेल तर विचारावयासच नको. ज्या चाकूने आंब्याची फोडही कधी कापली नाही, त्यालाच सर्वाधिक मोल यावे, ही गोष्ट आम्हांस थोडी चमत्कारिक वाटते खरी!

आमच्या गावांतून कारागीर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये कारखाना नव्हताच. नारळ पाडणाऱ्या पाडेल्याचा कोयता वेगळा, कवळ तोडणाऱ्याचा वेगळा. माडाची पोय तासून सूर काढणाऱ्या रेंदेराची काती तर रुंद, अर्धचंद्राकार आणि वस्तऱ्यासारखी धारदार. स्वयंपाकघरातील आदोळी, जिला पेडण्याच्या सीमेपलीकडे आडाळो म्हणतात, तीही लोहाराकडूनच घडवून घ्यावयाची. पाठीमागे कमरेच्या आकडीत अडकवलेला कोयता ज्याचा त्याच्या हाताच्या मापाचा असे. मात्र त्यावर ना क्रमांक, ना बहुधा घडविणाऱ्याचे नाव.

डिचोलीच्या डोंगरांतील लोहखनिज १९५० नंतरच्या दशकांत मुख्यत्वे जपानकडे जात असे. आमच्या लोहाराच्या भट्टीत मात्र मोडीत निघालेल्या ट्रकची कमानपट्टी येई! पण ती टाकाऊ समजू नये. तिच्या पोलादात शेकडा अर्ध्याहून थोडा अधिक कर्ब असतो आणि कोयत्याला तो योग्यच. पट्टी तापवून, ऐरणीवर ठोकून आकार दिला, की खरी परीक्षा पाणी देण्याची. पाते लालबुंद, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम थंड केले, की पोलादाच्या कणांची रचना पालटते आणि ते अतिशय कठीण होते. पण त्याबरोबर काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवितात. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढत जातात. सुमारे २२० अंशांना फिकट पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते पण टवके उडतात. निळ्यापर्यंत गेले तर पाते चिवट होते पण धार लवकर बसते. लाकडाच्या गाठीवर घाव घालावयाचा की कोवळी पोय तासावयाची, हे पाहून कोणत्या रंगावर थांबावे ते लोहार ठरवितो. भट्टीजवळ उष्णतामापक नसतो. असतात ते त्याचे डोळे.

संग्रह करणारे आपल्याकडेही झाले. पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्यांत घरोघरचे अडकित्ते होते, दिवे होते, स्वयंपाकघरातील भांडीही होती. अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि १९७५ साली सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आपल्या गोव्यातही बाणावली येथील 'गोवा चित्र' संग्रहालयात शेतीची व घरगुती अवजारे मांडलेली आहेत.

पण पेडण्यातील किंवा डिचोलीतील एखाद्या वाड्यावरचा कोयता तेथवर पोचण्यापूर्वीच भंगारवाल्याच्या तराजूत पडतो. लोहाराचा मुलगा दुसऱ्या नोकरीस लागला आणि भाता थंडावला, की कोणता वाक कशासाठी दिला हे सांगणाराही उरत नाही. म्हणून घरात जुना कोयता किंवा काती असेल तर ती विकण्याआधी एक चिठ्ठी लिहावी: कोणत्या गावच्या लोहाराने केली, कोण वापरीत असे, कशासाठी, अंदाजे कोणत्या साली. आजोबा-आजींना हे आजच विचारावे. चिठ्ठीवाचून कोयता म्हणजे नुसते लोखंड.

कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरकामासाठी वा शेतीसाठी बनविलेली साधने शस्त्रांत गणलेली नाहीत. परंतु इतर प्रकारच्या, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांची गणना नियमांनी धारदार शस्त्रांत केली आहे. शिवाय कोणतेही पाते शाळेत आणावयाचे नाही. आणावी ती चिठ्ठी आणि कागदावर काढलेली बाह्याकृती.

आमच्याकडील पावसाळा लोखंडाचा वैरी. पाते कोरडे पुसून तेलाचा पातळ हात द्यावा आणि सुती फडक्यात गुंडाळावे. चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते, आणि ते कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पात्यावर गंज चढतो. मुठीजवळचा भाग दर पंधरवड्यास पाहावा, कारण गंज प्रथम तेथेच शिरतो.