तरुण कुत्र्याच्या अंगावरील गांठ

दीड-दोन वर्षांच्या कुत्र्याला कर्करोग होईल, ही कल्पनाच आपल्या मनास पटत नाहीं. तो म्हातारपणाचा रोग, असा आपला समज. आणि हा समज बहुतांशीं खराहि आहे. म्हणूनच आमच्या हेंद्रेपाड्यांत काय किंवा मुंबईंत काय, तरुण कुत्र्याच्या अंगावर गांठ दिसली कीं, 'पाहूं चार दिवस' म्हणतां म्हणतां महिना लोटतो.

प्रत्येक गांठ म्हणजे कर्करोगच, असें मात्र नव्हे. तीन वर्षांच्या आंतील कुत्र्याच्या कानावर, डोक्यावर वा पायावर गुंडीसारखी लाल गांठ उठली, तर ती 'हिस्टिओसायटोमा' असण्याचा संभव फार. ती बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. रस्त्यावरील कुत्र्यांच्या जननेंद्रियावर होणारें सांसर्गिक अर्बुद याहून विलक्षण. एका कुत्र्याच्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगीं जाऊन रुजतात! हें अर्बुद असें रुजवितां येतें, हें नोविन्स्की या रशियन पशुवैद्यानें १८७६ सालीं प्रयोगानें दाखविलें. 'व्हिन्क्रिस्टिन'च्या इंजेक्शनांनीं तें बहुधा बरें होतें.

खरी कसोटी मृदु ऊतकांच्या कर्करोगाची. त्यास 'सार्कोमा' म्हणतात. वरील दोन्ही विकारांत बारीक सुईनें पेशी सहज निघतात व सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखूं येतात. सार्कोमाच्या पेशी परस्परांस घट्ट धरून असतात. सुई पुष्कळदां रिकामीच येते. सुई रिकामी आली म्हणून गांठ निर्दोष ठरत नाहीं, हें मी आवर्जून सांगतों. अशा वेळीं गांठीचा लहानसा तुकडा काढून, त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्यें ठेवून, तपासणीस पाठवावा लागतो. गांठ कापून तशीच फेंकून देणें सर्वांत वाईट. मग रोग कोणता, हें कळण्याची वाटच खुंटते.

त्यांतहि 'ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा' मोठा फसवा. स्नायूंच्या पेशींचा हा दुर्मिळ कर्करोग मोठ्या जातींच्या, बहुधा दोन वर्षांहून लहान कुत्र्यांच्या मूत्राशयांत द्राक्षांच्या घोसासारखा वाढतो. लघवींतून रक्त जातें. जंतुदोष समजून औषध दिलें जातें. रक्त थांबत नाहीं. तेव्हां सोनोग्राफी करून घ्यावी. तुकड्यांतील पेशी पुष्कळदां इतक्या अपक्व असतात कीं, नेहमींच्या रंगांनीं त्यांचें कूळ ठरत नाहीं. 'डेस्मिन' व 'मायोजेनिन' हीं स्नायूंचीं प्रथिनें निराळ्या परीक्षेनें शोधावीं लागतात.

परळला १८८६ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कोणत्याहि पशुवैद्याकडे जातांना गांठ प्रथम केव्हां दिसली व तेव्हां केवढी होती, हें लिहून न्यावें. शस्त्रक्रियेपूर्वींच छातीचा एक्स-रे काढवून घ्यावा; सार्कोमा पसरूं लागला कीं, रक्तमार्गें बहुधा प्रथम फुफ्फुसांकडेच धांवतो.